कमरेला बांधलेलं बी

उत्तरेश्वर आबांच्या मिशीला आग लागली, तेव्हा निम्म्या हिवरवाडीनं हात जोडले आणि उरलेली निम्मी हिवरवाडी बाजेखाली शिरली. बाज एकच होती. तिच्याखाली तेवढी माणसं मावली कशी, याचा उलगडा त्या घरात आजतागायत झालेला नाही.

तसा दिवस मोठा गोड उजाडला होता. हस्ताच्या सरी मन लावून पडल्या होत्या, मग ऊन निघालं होतं आणि काळ्या रानाला वाफसा आला होता. ढेकूळ मुठीत दाबलं की फुटावं, पण हाताला चिकटू नये, अशी माती. शाळू पेरायला हीच माती लागते, आणि ती कुणासाठी थांबत नाही. चार दिवस ऊन खाल्लं की तिचं लोखंड होतं. म्हणून त्या सकाळी आबांच्या घरातली बियाण्याची मडकी उतरवायची होती, आणि टोपल्या, पाट्या, उपरणी घेऊन अख्खं गाव अंगणात जमलं होतं.

अख्ख्या गावाचं बी एका घरात ठेवायची ही पहिलीच वेळ. ही खटपट होती आबांच्या धाकट्या सुनेची, सत्यभामेची. आदल्या साली ज्यानं त्यानं आपलं बी आपल्या घरात ठेवलं होतं. काहींचं किड्यांनी खाल्लं, काहींचं पाव्हण्यांनी. पेरणीच्या वक्ताला निम्मं गाव ईटच्या बाजाराला गेलं आणि बी म्हणून जे हातात पडलं ते आणून पेरलं. त्यातलं बरंचसं उगवलंच नाही. जे उगवलं त्याच्या कणसात दाण्याऐवजी काणी रोगाची काळी भुकटी भरली. त्या साली हिवरवाडीतली कुत्रीसुद्धा भाकरी विसरली होती. कुणाच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आला तर चोर आला समजून भुंकायची.

तेव्हा सत्यभामा पदर पुढं ओढून आबांना म्हणाली होती, "बी एका जागी ठिवू. ज्याच्या रानात कणीस चांगलं, त्याच्या रानातलं घिऊ. निवडते म्या, राखते म्या. जिम्मा माझा."

थोरले दीर बलभीम "गावाचं बी घरात आणलं म्हंजी गावाची कटकट घरात आणली" असं म्हणून ताटावरनं उठले होते. थोरली जाऊ धुरपताबाई काहीच बोलली नव्हती, आणि सत्यभामेला त्याचीच जास्त धास्ती वाटली होती.

तर त्या सकाळी पहिलं मडकं अंगणात आलं. आबांच्या घरची रीत अशी, की बियाण्याची पहिली मूठ चुलीला द्यायची. माती पुढं देईल तेव्हा देईल, पण भाकरी जिच्यावर होते तिला आधी विचारायचं. पिढ्यान्‌पिढ्या चूल ती मूठ गुमान गिळत आली होती. तिनं कधी उलट उत्तर दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अंगणातल्या चुलीवर गावासाठी चहाचं आधण होतं. आबांनी मडक्याच्या तोंडाचं शेणामातीचं लिंपण फोडलं, किडा लागू नये म्हणून काळ्या भुकटीत घोळलेल्या दाण्यांची मूठ भरली, "येडाई, पिकू दे" असं देवीला म्हणाले आणि वाकून मूठ चुलीत टाकली.

चूल आधी जराशी गप्प झाली. मग फुस्स करून पुरुषभर उंचीचं ठिणग्यांचं झाड अंगणात उभं राहिलं. चहाचं पातेलं उडालं ते म्हशीच्या पाठीवर जाऊन पालथं पडलं. म्हैस दावं तोडून गेली ती संध्याकाळी शिवेपलीकडं सापडली, आणि पुढं कितीतरी दिवस तिचं दूध तांबूस यायचं, त्यात नुसती साखर टाकली की काम भागायचं, असं सांगणारी माणसं हिवरवाडीत अजून आहेत.

ठिणग्या विझल्या तेव्हा आबा होते तिथंच उभे होते. मिशीचा उजवा आकडा होता तसाच होता. डाव्याच्या जागी थोडा धूर होता.

"येडाई आली," गावातली सगळ्यात म्हातारी सारजाबाई म्हणाली आणि तिनं चुलीपुढं डोकं टेकलं. "चुलीत येडाई आली. उत्तरेश्वरा, तुजी मिशी घेतली आईनं, भाग्याचा हाईस."

आबांनी मिशीला हात लावून बघितला. भाग्य नेमकं कुठल्या बाजूचं, ते त्यांना समजेना.

सत्यभामा मात्र दारातच थिजली होती. तो वास तिच्या नाकात शिरला होता आणि तिला माहेर आठवलं होतं. गंधक, सोरा आणि तुरकाठीचा कोळसा. तेरखेड्याला तिच्या फटाके करणाऱ्या बापाच्या अंगणात बारा महिने हाच वास. सुतळी गुंडाळत, भुईनळ्यांची मातीची भांडी भरत ती त्या वासात वाढली होती.

तिला सगळं एका दमात कळलं. उन्हाळ्याच्या तोंडाला तिनंच भावाकडनं, गोरोबाकडनं, तुरकाठीच्या कोळशाची पूड मागवली होती. तिची आई बी तसंच राखायची. कोळशाच्या पुडीत घोळलं की किडा फिरकत नाही. पोतं आलं, पण कोळशाचं नाही. भुईनळ्यात भरायची तयार बारूद आली. आणि गावाचं सगळं बी, मडकंन्‌मडकं, त्या बारुदीत घोळून बसलं होतं.

गप्प बसावं, असं क्षणभर तिला वाटलं. लोक हात जोडतायत, जोडू देत. देवीचा चमत्कार झाला म्हटल्यावर बी उगवो न उगवो, सत्यभामेला कोण बोलणार? बलभीमदादांनीसुद्धा डोळे मिटून हात जोडले होते. असं दृश्य पुन्हा बघायला मिळायचं नव्हतं.

तेवढ्यात सारजाबाई उठली आणि बायकांना म्हणाली, "बघता काय गं? ह्यातली चिमूट चिमूट घिऊन जावा आन्‌ आपापल्या चुलीला घाला. घरोघर आई येऊ दे."

बायका मडक्याकडं सरकल्या.

"थांबा," सत्यभामा म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिचा पदरही खाली आला. "हात लावू नका. देवी न्हाय ती. बारूद हाय."

बाजेखालून कुणीतरी विचारलं, "मग आमी भाईर यावं का न्हाय?"

बलभीमांनी डोळे उघडले. जोडलेले हात त्यांनी हळूच कमरेवर नेले. "काय म्हनली ती?"

धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नसते. सत्यभामेनं पदर सारखा केला आणि शेजारी उभ्या असलेल्या धुरपताबाईला सांगितलं, "अक्का, सांगा त्यांला. कोळसा म्हणून माज्या भावाकडनं बारूद आली. चुकून आली."

"धुरपता, इचार तिला," दोन हात अंतरावरच उभे असलेले बलभीम म्हणाले, "बी घोळताना नाकं कुठं ठिवली हुती?"

हा प्रश्न चुकीच्या माणसामार्फत गेला. कारण बी घोळलं होतं धुरपताबाईनं. त्या दिवशी सत्यभामा शेवटची कणसं निवडायला रानात होती. पोतं आलं ते धुरपताबाईनं फोडलं, चार बायका बसवल्या आणि दिवस मावळायच्या आत मडकी लिंपूनसुद्धा टाकली. धुरपताबाईला तपकिरीचा नाद. तिच्या नाकाला वास म्हणून उरलाच नव्हता; शेजारचं घर पेटलं तरी ती डोळ्यांनी धूर बघून ओळखायची. एका बाईनं विचारलं होतं, "अक्का, ह्यो वास कसला?" धुरपताबाई म्हणाली, "कोळशाचा." थोरल्या सुनेनं कोळशाचा म्हटल्यावर तो कोळशाचाच झाला.

धुरपताबाई नवऱ्याकडं वळली. मग शांतपणे म्हणाली, "नाक हितंच हाय. तुमी बी आत्ता हात जोडून हुबं हुता की. तुमाला आला का वास?"

बलभीमांनी विषय बदलला. "आबा, झालं ते झालं. हे बी मेलं. म्या बैल जुपतो. आत्ता निघालो तर ईटला बी मिळंल. दुसऱ्या गावाच्या आधी पोचाय पायजे. ज्याला यायचंय त्यानं गाडीत बसावं."

आठ-दहा माणसं लगेच त्यांच्या बाजूला सरकली. सत्यभामेनं ते बघितलं. काल याच माणसांनी तिला "पोरी, नाव काढलंस" म्हटलं होतं. आता ती तिच्याकडं बघत नव्हती. एकदा गाडी ईटला गेली की पुढच्या साली कुणी दाणा आणून देणार नाही, हे तिला कळत होतं. पुन्हा ज्याचं त्याच्या घरी. पुन्हा किडे, पाव्हणे आणि ईटचं कसलंबी बी.

"मेलं कशावरनं?" ती आबांना म्हणाली. "आबा, बारुदीत बी मरत आसतं तर माज्या बापाच्या अंगणात गवत उगवलं नसतं. तिथं तर फरशीच्या फटीतनं ज्वारी निघती. बघू द्या की मला."

"काय बघनार?"

"उगवतंय का, ते."

आबा उरलेल्या मिशीला पीळ देत राहिले. निजामाच्या अंमलात सक्तीच्या लेव्हीचं धान्य वसूल करणारे येऊन बियाण्याची कणगीसुद्धा झाडून नेत, तेव्हा याच आबांनी पाळण्यात पोराखाली बी लपवून राखलं होतं. बी मेलं असं त्यांना सहजासहजी पटत नसे.

"उद्या दिस कलंस्तवर," आबा म्हणाले. "तवर उगवलं तर पेरायचं. न्हाय उगवलं तर बलभीमाची गाडी जाईल आन्‌ पुन्यांदा ह्या घरात गावाचं बी ठिवायचं न्हाय. मंजूर?"

"मंजूर," सत्यभामा म्हणाली.

"तवर गावात इस्तू न्हाय," आबा म्हणाले. "आन्‌ चिलमी हितं ठिवा."

पुढचा तासभर हिवरवाडीत जी धांदल उडाली तशी पोलीस ॲक्शनमध्येही उडाली नव्हती. चुलींवर पाणी ओतलं गेलं. मडकी एकेक करून चावडीपुढच्या चिंचेखाली नेली. नेणारी माणसं अशी चालत होती की तान्हं पोर आत्ताच झोपलंय. सारजाबाईनं पुरुषांच्या पटक्यात हात घालून बिड्या, काड्यापेट्या, चकमकी काढल्या. एकाच्या पटक्यात तर त्याच्या बायकोची हरवलेली नथ निघाली, पण ती भानगड वेगळी आणि ती अजून मिटलेली नाही.

या धांदलीतच ग्रामसेवक अंबादास सायकलीवरनं आला. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला, चष्मेवाला, सालस मुलगा. सरकारच्या नव्या विकास ब्लॉकात नोकरीला लागल्यापासून तो गावोगाव गंधकाची पुडी घेऊन हिंडत होता. पेरायच्या आधी बियाला गंधक चोळा, काणी येणार नाही, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की बैलांनीही माना डोलवाव्यात. माणसांनी मात्र त्याला सांगितलं होतं, गंधक खरजेला लावतात.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"गावानं बियाला गंधक चोळलं," आबा म्हणाले.

अंबादासनं सायकल स्टँडला न लावताच सोडली. ती पडली, तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही. "खरंच? सगळ्यांनी? माझं ऐकलंत?"

"न्हाय," आबा म्हणाले. "चुकून."

सगळी हकीकत ऐकून त्यानं वाकून मडक्यात बघितलं. मग म्हणाला, "गंधक चांगलंच. कोळसा चालेल. पण सोऱ्याचं मला माहीत नाही, बाई. सोरा पिकाला खत म्हणून घालतात. बियाला चोळून महिनोन्‌महिने ठेवल्याचं कुणी ऐकलेलं नाही."

"मग आता ऐक," सारजाबाई म्हणाली.

"आनखी एक हाय," सत्यभामा म्हणाली. "रंगाची बारूद आसंल तर बी गेलं. हिरवा जाळ काढाय जी भुकटी घालत्यात ती जहर आसती. जाळ कसल्या रंगाचा हुता? कुनी बघितला?"

सगळ्यांनी बघितला होता. एकानं पिवळा बघितला होता, दुसऱ्यानं तांबडा. तिसऱ्याला हिरवा दिसला होता, पण तो पोपटसुद्धा तांबडा सांगायचा. बाजेखालच्या मंडळींनी जाळ काळा होता असं एकमुखानं सांगितलं. सगळ्यात जवळ आबा होते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते.

"गोरोबालाच आना," आबा म्हणाले.

सत्यभामेचा नवरा बब्रुवान इतका वेळ बायकोच्या मागं उभा होता. तो भांडणात कुणाच्या बाजूनं बोलत नसे; पण कुठंतरी जाऊन काहीतरी आणायचं म्हटलं की त्याला बळ यायचं. "म्या आन्तो," तो म्हणाला आणि अंबादासची सायकल उचलून चालता झाला. सायकल चालवता येत नाही हे त्याला वेशीबाहेर गेल्यावर आठवलं. तरी तो ती हातात धरून तेरखेड्यापर्यंत घेऊन गेला, कारण दुसऱ्याची वस्तू वाटेत कशी टाकायची.

इकडं सत्यभामेनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. प्रत्येक मडक्यातली मूठ, भुकटीसकट, ओल्या चिंधीत बांधली. एरवी असं बी गवतात दाबून ठेवतात, पण उद्यापर्यंत मोड यायचा तर ऊब हवी, आणि विस्तू तर गावात नव्हता.

"पुरचुंडी कमरेला बांधायची," ती म्हणाली. "आतनं, अंगाला लागून. वाळू द्यायची न्हाय. अंगाची ऊब मिळाली की दाना डोळा उघडतोय."

मडक्याला एक माणूस, अशी वाटणी झाली. आबांनी धोतराच्या गाठीवर बांधली आणि ओलं लागताच "आगागा" म्हणून चवड्यावर उभे राहिले. सारजाबाई म्हणाली, "माज्या अंगात आता ऊब कुठली?" पण तिनं एक मागून घेतलीच. अंबादासनं सदऱ्याआड बांधली, आणि त्याच्या खाकी चड्डीवर जे ओलं पसरलं त्याबद्दल त्याला पुढं तालुक्याला बराच खुलासा द्यावा लागला.

"दादांना इचारा, बांधत्यात का," सत्यभामा म्हणाली.

"म्या काय कोंबडी हाय का?" बलभीम म्हणाले आणि गाडीच्या आसाला वंगण घालायला गेले.

एक पुरचुंडी उरली. धुरपताबाईनं हात पुढं केला, ती घेतली आणि काही न बोलता आत गेली.

सत्यभामेनं मनातल्या मनात हिशोब केला. बी उगवलं नाही तर घरातला कारभार आपोआप थोरल्या सुनेकडं येणार होता. पुरचुंडी वाळवायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवशी गावानं शेंगा, गूळ आणि कांदा खाल्ला. दिवस मावळला तशी माणसं अंधारात एकमेकांना नावानं हाका मारून बसली. कुणी कमरेला हात लावून बघायचं आणि म्हणायचं, "मला वळवळल्यागत हुतंय." दुसऱ्या कुणाला लगेच तसंच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा सत्यभामेनं आपली पुरचुंडी सोडली. दाणे फुगले होते, पण मोड नव्हता. कसलासा आंबूस वास येत होता. सकाळपासून ती मडकी राखत चिंचेखाली वाऱ्यात बसली होती; चिंधी गार पडली होती. तिनं आबांची बघितली. आबांना रात्री ओलं सोसलं नव्हतं, त्यांनी पुरचुंडी उशाला ठेवली होती. ती वाळून खडखडीत. अंबादासच्या पुरचुंडीत एका दाण्याला पांढरं काहीतरी दिसलं, पण ते सदऱ्याचं सूत निघालं. बाकीच्यांच्याही कुणाच्या वाळल्या होत्या, कुणाच्या गार पडल्या होत्या; मोड कुठंच नव्हता.

तेवढ्यात बब्रुवान आला, हातात सायकल आणि मागं गोरोबा. गोरोबा गावात शिरला तो मान खाली घालून, वाटेत मारायला कोण उठतंय का ते तिरक्या नजरेनं बघत.

"रंग हुता का?" सत्यभामेनं आधी तेच विचारलं.

"न्हाय गं ताई. भुईनळ्याच्या पांढऱ्या झाडाची बारूद. गंधक, सोरा, कोळसा, बास." गोरोबानं श्वास सोडला. "दारात दोन पोती हुती. गाडीवानानं तुजं एका वरातवाल्यांला नेलं आन्‌ त्यांचं तुला आनलं. मला काय ठावं? भूमकडच्या त्या वरातीत म्या भुईनळे लावाय गेलतो. पन्नास भांडी तितंच भरून मांडली, एक पेटंना. तवा वाटलं, बारूद सादळली; नुसता कोळसा हुता, ते आत्ता कळतंय. नवरदेव घोड्यावर, समदी वरात बघतीया, आन्‌ म्या काडीवर काडी वढतोय. शेवटी भांडी निखाऱ्यावाणी फुलली, तवा वरातीतल्या म्हाताऱ्या भवती बसून शेकाय लागल्या. मला जेवाय बी वाढलं न्हाय."

आबा हसले. डावी बाजू उघडी पडल्यानं ते हसणं अर्ध्या तोंडाचं वाटलं. पण चिंचेखाली दुसरं कुणी हसलं नाही. बलभीम बैल घेऊन आले होते. सावल्या लांबायला लागल्या होत्या.

"बी जितं आसलं तरी दावा की," बलभीम म्हणाले. "कुठं हाय मोड? आबा, दिस कलला."

"आजून एक पुरचुंडी हाय," सत्यभामा म्हणाली. "अक्काची."

"ती कुठाय?"

धुरपताबाईला सकाळपासून कुणी बघितलं नव्हतं. सत्यभामा घराकडं धावली. स्वयंपाकघरात नाही, मागच्या परड्यात नाही. शेवटी वर माळवदावर, भर उन्हात, दोन वाकळा अंगावर घेऊन धुरपताबाई पोटावर पालथी पडलेली दिसली. चेहरा लालबुंद झाला होता, घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"अक्का?"

"हात लावू नगं," धुरपताबाई वाकळेतनं म्हणाली. "काल दुपारधरनं पोटाशीच धरलीया. मधी मधी पानी शिंपडते. आमच्या ह्यांनी सकाळी सांगितलं, टाकून दी, वाळव. म्हनलं पोट दुखतंय आन्‌ वर येऊन पडले."

"कशापायी वो?"

"कशापायी म्हंजी?" धुरपताबाईनं मान वळवली. "जिम्मा तुजा, नाव तुजं. पर घोळलं कुनी? म्या. उद्या गाव म्हनल, बी धुरपतीच्या हातानं मेलं. नाकाचं सांगत बसू का घरोघर?"

सत्यभामा तिच्याशेजारी उकिडवी बसली. दोघींनी मिळून पुरचुंडी सोडली. शेवटची घडी सत्यभामेनं उलगडली.

काळ्या भुकटीत पांढरे मोड पडले होते. एखाददुसरा दाणा सोडला तर सगळ्यांना. काही तर एकमेकांत गुंतून बसले होते, सोडवायला गेलं तर तुटतील इतके.

धुरपताबाई मग उठली, वाकळा तिथंच टाकल्या आणि चिंधी तळहातावर घेऊन खाली निघाली. अंगणातनं, गल्लीतनं, चावडीपुढं. चिंचेखालची माणसं दोन्हीकडं सरली. ती थेट बलभीमांपुढं जाऊन उभी राहिली आणि तळहात त्यांच्या नाकाखाली धरला.

"बघा," ती म्हणाली. "बैल सोडा आता."

बलभीमांनी वाकून बघितलं. मग अंबादासनं बघितलं. आबांनी बघितलं, आणि सारजाबाईनं डोळे अधू म्हणून बोटांनी चाचपून बघितलं. "टोचतंय," ती म्हणाली, "लेकरावाणी टोचतंय." मग गाव असं काही ओरडलं की ज्या म्हशीनं आदल्या दिवशी दावं तोडलं होतं तिनं ते पुन्हा तोडलं.

अंबादास गर्दीत ओरडून सांगत होता, "धुऊ नका, कुणी धुऊ नका, गंधक जाईल. चाळून पेरा. आणि यंदा काणी यायची नाही, बहुतेक." या खेपेला लोकांनी त्याचं ऐकलं, आणि त्याला ते इतकं नवीन होतं की तो तेच चारदा सांगत राहिला.

त्याच संध्याकाळी बी वाटलं गेलं. पाट्या भरल्या, उपरण्यांच्या गाठी बसल्या. पेरताना रानात चिलीम ओढायची नाही, हे आबांनी प्रत्येकाकडनं येडाईच्या नावानं वदवून घेतलं. गोरोबाला कुणी मारलं नाही. उलट त्याच्या कमरेलाही एक पुरचुंडी बांधली, कशासाठी ते कुणी सांगितलं नाही.

सकाळी दव होतं तोवरच पेरणीच्या तिफणी निघाल्या. माती अजून मऊ होती. सत्यभामा रानांमधल्या पांदीनं चालली होती, तेव्हा सारजाबाईनं बांधावरनं तिला हाक मारली. म्हातारीनं आपल्या रानाच्या मधोमध, जिथं माती सगळ्यात खोल होती तिथं, निर्गुडीचा फोक रोवला होता.

"हितलं कनीस कुनी खुडायचं न्हाय," ती म्हणाली. "हुरड्याला बी न्हाय. ही जागा बियाची. निवडाय तूच ये."

सत्यभामा मान हलवून पुढं निघाली. पुढच्या रानातही एक फोक दिसला. त्याच्या पुढच्या रानात म्हातारा-म्हातारी भांडत होती, फोक इथं का तिथं. परवा ईटच्या गाडीत बसायला निघालेला एक जण तिला बघून ओशाळला आणि त्यानं रोवलेला फोक उपटून जरा चांगल्या जागी रोवला.

आबांचं रान शेवटी होतं. बलभीम तिफण घेऊन विहिरीजवळच्या तुकड्यात उभे होते. त्या तुकड्यावर त्यांचा जीव. तिथं दुसऱ्या कुणाला ते नांगर लावू देत नसत. धुरपताबाई पदर खोचून तिफणीमागं उभी होती. बलभीमांनी हातातला निर्गुडीचा फोक इकडून तिकडं केला.

"धुरपता," ते म्हणाले, "इचार तिला. आपल्यात कुठली जागा धरायची?"

सत्यभामा बांधावर थांबली. तिनं सबंध रानावर नजर फिरवली. डोंगराकडची हलकी जमीन, ओढ्याकाठची, मधली. मग ती धुरपताबाईला म्हणाली, "अक्का, सांगा त्यांला. हीच. जिथं हुबं हायत ती."

"ही?" बलभीम म्हणाले. "ही लई भारी जागा हाय. घराचं वरीसभराचं खानं निघतंय हितनं. तिला म्हनावं, ओढ्याकडची घे."

सत्यभामेनं तोंड उघडलं, पण तिला काही बोलावं लागलं नाही.

"भारी हाय म्हनूनच," धुरपताबाई म्हणाली. "गावानं काय आपापलं खडकाळ दिलंय? रवा तो फोक."

बलभीमांनी फोक पायाखालच्या मातीत रोवला, टाचेनं भोवतीची माती दाबली, आणि घसा खाकरून बैलांना हाक घातली. धुरपताबाईनं तिफणीच्या चाड्यावर बियाची मूठ धरली.